लंगादाचा माग

मित्रांनो, मी एक जुना माग आहे, टॉवेल टांगायची घडवंची नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण अकरा महिने लोकांनी मला तसेच वागवले आणि तो राग अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही.

आमोर्गोस बेटावरच्या लंगादा गावात होड्या बांधणाऱ्या निकितासने मला घडवले. गावात दुसरा सुतार नव्हता. सतरा वर्षांच्या अनेझोचे लग्न ठरले, तेव्हा माझे सुटे भाग गाढवावर लादून चढावरून वर आणले आणि तिच्या नव्या घरात मला उभे केले. पुढची साठ वर्षे तिने माझ्यावर लोकरीची पांघरुणे विणली, गडद लाल आणि काळ्या पट्ट्यांची. माझा ठोका दुपारपर्यंत ऐकू आला नाही, तर समोरच्या घरातून विचारणा व्हायची की आज अनेझोला बरे नाही का. गावातल्या कितीतरी मुली तिचे पांघरूण घेऊन सासरी गेल्या.

नंतर बोटीतून हलक्या, स्वस्त रजया येऊ लागल्या. लोकांना त्या आवडल्या. अनेझोकडे मागणी राहिली नाही, तरी दर हिवाळ्यात ती एक पांघरूण काढायचीच.

तिचा मुलगा याकूमिस जहाजावर स्वयंपाकी होता. पन्नाशीत पाठ धरली, तेव्हा तो घरी परतला आणि राहते घर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचे त्याने ठरवले. आई मागच्या खोलीत गेली, जिथे पूर्वी कांदे आणि जव ठेवत. घर सजवायला अथेन्सहून एर्सी नावाच्या बाईंना बोलावले.

खरे सांगायचे तर ही एर्सी मला आधी फार आवडली. याकूमिसला अॅल्युमिनियमच्या मोठ्या खिडक्या हव्या होत्या. तिने त्या लावू दिल्या नाहीत. उन्हाळ्यात ही खोली गार का राहते ते आधी समजून घ्या, असे तिने त्याला सुनावले. दगडी ओटा, पाव भाजायची भट्टी, छताच्या वाकड्या तुळया, सगळे तिने वाचवले. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, हा कुठेही जाणार नाही. मला केवढा अभिमान वाटला!

त्याच सुमारास अनेझो डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे अथेन्सला गेली. माझ्यावर दोन हात विणून झालेले पांघरूण होते. एर्सीने घरासाठी पांढरा, वाळूचा आणि राखेचा असे तीनच रंग निवडले होते. त्यात तो लाल तिच्या डोळ्यांना खुपू लागला. तिने याकूमिसला विचारले. कॉफी ढवळता ढवळता तो म्हणाला की कापा, आई नवे सुरू करेल.

कात्री फिरली. चारशे धागे एकदम ढिले पडले. मला टॉवेल टांगायला न्हाणीघरात ठेवायचे ठरले. तिथे मी मावत नव्हतो, म्हणून विणताना पायाने दाबायच्या माझ्या पायपट्ट्या काढून फेकल्या आणि मला भिंतीला टेकवून माझ्यावर ओले टॉवेल टाकले. पलंगांवर आली कारखान्यातली पांघरुणे, आणि त्यांना शिवलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘हातमागाची ऊब’. शेजारच्या खोलीत खराखुरा माग ओलाचिंब उभा होता. मला चुलीत घातले असते तरी दोन पाव भाजले गेले असते. तेवढा तरी उपयोग झाला असता.

अनेझो स्वच्छ डोळे घेऊन परतली आणि तिने सगळे पाहिले. मुलाचा नुकता जम बसत होता, म्हणून ती गप्प राहिली. माझ्यावरचे टॉवेल काढून तीच धुवायची. तेव्हा मला तिचाही राग यायचा.

वसंतात एर्सी फोटोग्राफरला घेऊन आली. मला पुसून दर्शनी खोलीत ठेवले. अनेझोला काळा रुमाल बांधून माझ्यापुढे बसायला सांगितले.

“मावशी, दोनच मिनिटं,” एर्सी म्हणाली. “विणताय असं दिसलं म्हणजे झालं.”

“धागा कुठाय?”

“फोटोत धागा कळत नाही हो.”

अनेझो बसली नाही. “पांघरूण कारखान्याचं, चिठ्ठी हातमागाची, आणि चिठ्ठी खरी वाटावी म्हणून मी. या वयात मी वारा विणत बसू?”

“आई, पाहुण्यांना जुनं आवडतं,” याकूमिस हळूच म्हणाला.

“मीही जुनीच आहे. मला कुठल्या खिळ्याला टांगतोस?”

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. मग अनेझोने मुलाला सांगितले, “माग माझ्या खोलीत ने.” तिथे खाट आहे, जागा कुठे आहे, असे तो म्हणाला.

“मग खाट बाहेर काढ.”

त्याला वाटले ती रागाने बोलते आहे. तोवर ती स्वतः उशी आणि गादी उचलून निघाली होती. त्याच दिवशी मी मागच्या खोलीत आलो. याकूमिसने मान खाली घालून मला नव्या पायपट्ट्या करून दिल्या. त्यातली एक आखूड झाली. मी लंगडतो, आणि अनेझो रोज सकाळी त्याच्या नावाने बोटे मोडते. पण मी चालतो. माझा ठोका पुन्हा गल्लीत ऐकू जातो.

तरी माझा राग शमलेला नाही. ज्या घरात पाहुण्यांसाठी चार पलंग आहेत, तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांची अनेझो माझ्या पायाशी जमिनीवर गादी टाकून झोपते. सकाळी उठताना तिला माझा खांब धरावा लागतो.

एर्सीने त्या चिठ्ठ्या स्वतः उसवल्या, हे मान्य करायला हवे. शरद ऋतूत तिचा निरोप आला की वाळूच्या रंगाची सहा पांघरुणे विणून द्याल का.

“तिला सांग, माझ्याकडे लाल आहे,” अनेझो याकूमिसला म्हणाली. “एक रात्र पांघरून बघ म्हणावं, मग रंगाचं बोल.”

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून कोपऱ्यात उभी केली म्हणजे ती जपली, असे समजू नका. तिचे काम जाणणारे माणूस बहुधा त्याच घरात असते, मागच्या खोलीत. त्या शहाण्या बाईने घरातल्या प्रत्येक दगडाची चौकशी केली, पण अनेझोला एकदाही विचारले नाही की मावशी, हे काय विणता आहात. तुम्ही तरी विचारा. ते माणूस अजून आहे, तोवर विचारा.