आत्याबाईंची मिरची

प्रियंकाने मिरचीचं आखडलेलं पान पिशवीत टाकून पाण्यात चुरडलं आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवली. तिच्या सासूबाई, शालूबाई, पदर सावरत पट्टीवर वाकल्या. आधी एक रेघ उमटली. थोड्या वेळाने दुसरी.

"दोन आल्या. म्हंजे बरं का?"

"न्हाई, आत्याबाई. रोग आहे."

साखरा गावातल्या या परसातली मिरची शालूबाईंच्या माहेरची, जवळा बाजारची. लग्नानंतर पहिल्या खेपेला त्यांनी पदराच्या गाठीत बी बांधून आणलं होतं. दरसाल त्यातलं सगळ्यात लाल फळ बियाण्याला राखायचं, हा त्यांचा नेम. यंदा मात्र पानं आखडून बोकडली, फूल धरेना.

प्रियंका परभणीला पिकांच्या विषाणूंवर संशोधन करत होती आणि शनिवारी घरी येई. कडुलिंबाच्या पाल्याच्या अर्कात चांदीचा क्षार मिसळला की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि अर्क चहासारखा तांबूस होतो, आणि हे कण विषाणूवर औषध ठरतील का ते आपण तपासतोय, हे तिने सासूबाईंना एकदा समजावलं होतं. शालूबाईंनी ते गावभर केलं. आमची सून पाल्यातून चांदी काढती, असं त्या सांगत, आणि बाया विचारत, किती तोळे निघती?

त्या दुपारी प्रियंकाने एकूणएक झाड तपासलं. सगळीकडे दोन रेघा. रोगट झाडावरची पांढरी माशी निरोगी झाडावर बसली की रोग पसरतो, आणि कुंपणापलीकडे उकंडरावांचा मिरचीचा मळा होता. झाडं उपटून जाळावी लागतील, हे सांगताना तिने मान वर केली नाही.

"तुझं औषध?"

"काचेच्या नळीत गुण येतो. झाडावर अजून कळलं न्हाई. तुमाला खोटी आशा कशी देऊ?"

बियाणं शिल्लक आहे का, असं प्रियंकाने विचारलं, तर सगळं यंदाच पेरलं होतं. रात्री शालूबाईंनी तिच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त तूप वाढलं.

सकाळी प्रियंकाला उठायला उशीर झाला. झाडं आपल्यालाच उपटावी लागणार, या विचाराने ती जड पावलांनी परसात गेली. वाफे मोकळे होते. उपटलेल्या झाडांचा ढीग एका बाजूला धुमसत होता. कोपऱ्यात मात्र चार बांबू रोवून त्यावर नवी मच्छरदाणी दुहेरी करून ताणलेली होती आणि आत दोन आखडलेली झाडं उभी होती. शालूबाई खाली बसून मच्छरदाणीच्या कडा मातीत पुरत होत्या.

"माशी आत जाणार न्हाई, भाईर येणार न्हाई," त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "सगळीच उपटली तर तू औषध कशावर मारून बघशील?"

प्रियंकाने जाळीतून त्या दोन झाडांकडे पाहिलं.

"अन् गुण आला न्हाई तर, आत्याबाई? माहेरचं बी जाईल."

"जाईल." शालूबाईंनी माती थापली. "पर काहून न्हाई आला, ते तुला कळंल ना?"

प्रियंका चपला काढून त्यांच्या शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूची कड मातीत दाबू लागली.