एक कान चाकांकडे

मित्रांनो, मी एक जुना डीजे मिक्सर आहे. नावावरून भिंतीएवढा असेन असं वाटेल, पण एखाद्या जाड पुस्तकाइतकाच आहे. माझ्या अंगावर दोन गोल चकत्या आहेत, त्यांच्या मधोमध एक सरकतं बटण आणि कडेला वेग कमीजास्त करणारी एक पट्टी. मला विजेच्या वायरचीही गरज लागत नाही. पोटात बॅटरी आहे. गोष्ट सांगायचीच तर मी एका अगदी साध्या रविवारापासून सुरुवात करतो.

त्या दिवशी चाकवाले काका नेहमीसारखे स्केटिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी आले. आठवडाभर ते तिथे स्केट्सची चाकं दुरुस्त करायचे आणि रविवारी गाणी लावायचे. त्यांनी मला घडीच्या टेबलावर ठेवलं, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसलं आणि हेडफोन एकाच कानावर चढवला. त्या कानात पुढचं गाणं वाजायचं, जे हॉलमध्ये अजून कोणालाच ऐकू येत नसे. दुसरा कान उघडा, लाकडी फरशीवर घरघरणाऱ्या चाकांकडे.

मी पुष्कळ हात पाहिले आहेत. कारखान्यातल्या बायकांच्या बारीक बोटांनी माझे स्क्रू पिळले, दुकानात तर येणारा जाणारा प्रत्येकजण माझी चकती फिरवून जायचा. पण काकांसारखा हात दुसरा नाही. दुकानदाराने विचारलं होतं, "नातवासाठी घेताय का?" काका म्हणाले होते, "माझ्यासाठी. नातू झालाच तर त्याला लांबून दाखवीन."

काका गाणं कधी मध्येच तुटू देत नसत. पहिलं संपत आलं की दुसरं ते त्याच्याखाली हळूच सरकवायचे, दोघांचे ठोके जुळवायचे आणि मधलं बटण असं अलगद एकीकडून दुसरीकडे न्यायचे की गाणं बदललं हे ऐकणाऱ्याला दोन वळणं पुढे गेल्यावर कळायचं. शिवाय त्यांची नजर सगळ्यांत कच्च्या माणसाच्या पायांवर असायची. त्याचे पाय ज्या वेगाने पडतील, त्या वेगाला ते गाणं आणून ठेवायचे. पट्टी केसभर सरकवली की मी गाणं हळू करतो, आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र घोगरा होऊ देत नाही. ही माझी करामत. पण ती कुठे वापरायची, ही अक्कल काकांची.

तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांत कच्च्या म्हणजे हेल्मेटवाल्या मावशी. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्केटिंग शिकायला घेतलं होतं. गुडघ्यांना, कोपरांना, जिथे जिथे बांधता येईल तिथे पॅड बांधून त्या यायच्या आणि सगळ्यांना बजावायच्या, की पडले तर माझ्या सुनेला सांगू नका.

संध्याकाळी काकांची लेक त्यांना न्यायला आली. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. कोपऱ्यातल्या बाकावर पुस्तक उघडून बसायची आणि स्केट्स कधी घालायची नाही. लहानपणी घालत असे म्हणतात. स्पीकरची वायर गुंडाळता गुंडाळता काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आज कसं झालं?"

"आवाज जरा मोठा होता, बाबा."

"तुझे कान पुस्तकांत वाढलेत," काका हसून म्हणाले. हेही नेहमीचंच होतं. मग त्यांनी मला पिशवीत ठेवलं आणि चेन लावली.

त्याच आठवड्यात काका झोपेतच गेले.

मी कपाटात होतो. पिशवीवर पिशव्या आल्या, माझी बॅटरी उतरली, चकत्या घट्ट झाल्या. एकदा लेकीने कपाट उघडलं, पिशवीची चेन अर्धी ओढली आणि परत लावली. मी तिला दोष देत नाही. काही वस्तूंना हात लावायलाही बळ लागतं.

एके दिवशी मनगटाला पट्टी बांधून हेल्मेटवाल्या मावशी घरी आल्या. हॉलमध्ये आता कोणाच्या तरी फोनवरून गाणी लागतात, हे त्यांनी सांगितलं. एक गाणं संपलं आणि मध्येच गादीची जाहिरात सुरू झाली. मावशी दचकल्या आणि पडल्या. "फरशी काही गादीची नव्हती गं," त्या म्हणाल्या. लोक आता येईनासे झाले होते, आणि हॉलवाले रविवारचं स्केटिंगच बंद करायच्या बेतात होते. मग चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे सगळं ते तुझ्यासाठी शिकले, ठाऊक आहे ना?"

लेकीला ठाऊक नव्हतं.

मावशींना काकांनीच सांगितलं होतं. ती लहान असताना कॅसेट संपली, शांतता झाली, की ती घाबरून मान वर करायची आणि पडायची. म्हणून काकांनी दुसरं कॅसेटयंत्र आणलं आणि गाण्याला गाणं जोडायला शिकले. तिच्या पायांकडे बघून. तिचा ताल पक्का आहे असं सगळे म्हणायचे. तिलाही तसंच वाटत आलं होतं.

मावशी गेल्यावर लेकीने मला बाहेर काढलं. बॅटरी भरायला लावली, त्याच बनियनच्या तुकड्याने फटींतली धूळ टिपली आणि हेडफोन घालून रोज थोडा थोडा सराव केला.

पुढे एका रविवारी ती हॉलमधल्या टेबलामागे उभी राहिली. पहिल्याच जोडणीला दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडली. लोक हसले, पण कोणी पडलं नाही. मग तिने एक कान मोकळा केला आणि मावशींच्या पायांकडे पाहिलं. पट्टी केसभर खाली आली. मावशींनी कठडा सोडला, एक वळण घेतलं, मग दुसरं. हेल्मेटखाली त्यांचा चेहरा असा काही उजळला, जणू ताल त्यांचाच होता. लेक ते बघतच राहिली. तिने डोळे पुसले, पण पट्टीवरचं बोट हलू दिलं नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घेणं अवघड नाही. कोरडं फडकं हवं, आणि वायर घट्ट न आवळता सैल गुंडाळायला हवी, आवळली की ती आतून तुटते. मात्र तुमच्यासाठी जो एक कान उघडा ठेवून बसतो, त्याला कौतुकाचे चार शब्द ऐकू येतील असे त्याच्या देखत बोला.

हॉल रिकामा झाला. लेकीने वायर गुंडाळली, काकांसारखीच, सैल. वायर गुंडाळताना विचारला जायचा तो प्रश्न आज कोणी विचारला नाही. पिशवीची चेन लावण्याआधी ती थांबली. माझ्यावर हात ठेवला.

"छान झालं, बाबा," ती म्हणाली. "दर वेळी छानच व्हायचं."