बारा पलंगांची चाचणी

आमच्या कंपनीचं एकही विमान अजून उडत नव्हतं. गोदामात लाकडाचं होतं, ते मी बांधलेलं. मी सुतार.

कंपनीचा बेत असा होता : विमान लहान, प्रवास दहा तासांचा. दीडशे खुर्च्यांच्या जागी चाळीस पलंग, प्रत्येकाला आपली भिंत. तिकीट इतरांच्या चौपट. लोक शांत झोपेचे पैसे मोजतील, यावर सगळा डाव.

त्या दुपारी पैसा घालणाऱ्या बाई आल्या होत्या. बारा माणसं झोपवायची. त्यातली आठ दोन तास झोपली, तर बाई सही करणार. नाहीतर गोदामाला कुलूप.

एक जण आलाच नाही.

"मिस्त्री, तुम्ही व्हा आडवे," साहेब म्हणाले. "डोळे मिटायला काय डिग्री लागते?"

बायको जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून झोप अशी नाहीच. कामाचा भाग म्हणून पडलो. उठवलं तेव्हा तीन तास झाले होते. मनगटावर बांधलेल्या झोप मोजायच्या पट्ट्यात तसंच आलं. माझ्यासकट बरोबर आठ.

"कुंभकर्ण निघालात की!" साहेबांनी पाठीवर थाप मारली.

"माझा आकडा धरू नका," मी म्हणालो. "माझ्या पलंगाची भिंत बसवायची राहिलीय. पलीकडच्या पलंगावर आपला ड्रायव्हर घोरत होता."

"अहो, मग तर झोप उडायला हवी."

"ही घोरायची. एकतीस वर्षं."

साहेबांनी मला बाजूला ओढलं. "आपण भिंतीचेच तर पैसे घेणार. सगळ्यांच्या पोटावर पाय आणताय तुम्ही."

पण बाईंनी ऐकलं होतं. "भिंत असती तर झोप लागली नसती?"

"घरी चारी बाजूंनी भिंती आहेत, बाई."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "सात झाले. आठवड्याने परत येते. सगळ्या भिंती बसवून ठेवा. आणि यांना झोपवू नका."

साहेब त्यांना सोडायला गेले, माझ्याकडे न बघता. मी ड्रिल काढलं. ड्रायव्हर मागे येऊन उभा राहिला.

"काका, खरंच एवढा घोरतो मी? आमची बायको म्हणते, दुसऱ्या खोलीत झोपा."

मी माझ्या पलंगाची राहिलेली भिंत ओढून आणली. भिंत एकट्याला उचलवत नाही.

"ते टोक धर," मी म्हणालो.