हजारावरचे चोवीस

देवराव सरांनी ‘मान्य’ असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधीच पुसून टाकलं.

दिग्रसच्या त्या इंटरनेट कॅफेत दुपारी ते एकटेच गिऱ्हाईक. कापसाच्या पडत्या सालात जिनिंग कारखान्यांचे भोंगे असे गप्प पडले होते, की कावळेसुद्धा वेळ विचारायला बसस्टँडवर जात. कॅफेवाल्या मुजफ्फरनं हौसेनं पाच संगणक मांडलेले. चारांवर धूळ, कारण पोरं पुण्याला.

सर मात्र रोज भांडायला येत. सॉफ्टवेअरची मदत-पानं मराठीत आणणाऱ्या मंडळींत वाद पेटला होता: किलोबाइट म्हणजे हजार बाइट, की एक हजार चोवीस? सरांचं म्हणणं, किलो म्हणजे हजारच; चोवीस वरचे हवेत तर ‘किबिबाइट’ असं वेगळं नाव द्या. पुण्याची मैत्रेयी, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणे, रुळलेलं नाव मोडू नये.

‘आमच्याकडे व्यापारी संत्र्याच्या हजारावर वरची फळं उचलतो आणि त्याला हजारच म्हणतो,’ सरांनी लिहिलं होतं. ‘तुमचा किलोबाइट तसलाच लबाड.’

‘गोडी वरच्या फळांतच असते, सर,’ तिचं उत्तर.

बायको गेल्यापासून त्यांच्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. जेवताना ते उद्याचा मुद्दा भिंतीला ऐकवत. भिंतही हळूहळू त्यांच्याच बाजूला कलली, असं शेजारी अजून सांगतात.

आज तिची एकच ओळ आली होती: ‘तुमचंच बरोबर, सर. रविवारपर्यंत कुणाची हरकत नसली, तर विषय बंद.’

"जितले ना सर?" चहा घेऊन आलेल्या मुजफ्फरनं मागून वाचलं. "मंग तोंड काहून पाडून राह्यले?"

"जितलो बाप्पा. झालं आता."

"म्हणजे सोमवारपासून येत नाही काय?" कप त्याच्या हातातच राहिला.

सरांनी चष्मा पुसला. काच स्वच्छच होती. मग त्यांनी लिहिलं, ‘माझी हरकत आहे. पुष्कळ विचार केला. रुळलेलं नाव मोडू नये. किलोबाइट एक हजार चोवीसचाच.’

"अरे! हे तं तिचं म्हणणं होतं!"

"आता माझं हाये."

चहा निवायच्या आत उत्तर आलं. चांगलं लांबलचक. सुरुवातच अशी: ‘साफ चूक, सर! किलो म्हणजे हजारच...’

मुजफ्फरनं स्टूल ओढलं आणि शेजारी बसला.

"वाचा ना सर. मोठ्यानं."