शंभर वर्षांनी धाकटी

मित्रांनो, माझ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी माथा टेकला, आणि त्या सर्वांना माझे वय खोटे सांगण्यात आले. मी एक जुनी, हाताने लिहिलेली गुरुबाणीची, म्हणजे शीख गुरूंच्या रचनांची, पोथी आहे. ब्यास नदीकाठच्या कोट भागमल गावात, एका बाबांच्या घराण्यात माझा सांभाळ होतो.

दसौंधा नावाच्या लिखाऱ्याने मला लिहिले. काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून तो शाई करी. त्याची बायको रज्जी दुसऱ्या पोथीतून मोठ्याने वाची आणि तो बोरूने उतरवून घेई. त्याची एखादी मात्रा राहिली की ती म्हणे, "डोळे गहाण टाकलेत की काय? पुन्हा बघा!" दोघांच्या त्या भांडणातूनच मी शुद्ध उतरले. शेवटच्या पानावर दसौंध्याने साल घातले, संवत १७६०. त्या काळी मी कोवळी होते आणि रोज वाचली जात होते. लेकरे माझ्यावरून अक्षरे शिकत. तेच माझे सुखाचे दिवस होते.

पुढे मी या घराण्यात आले. शेजारच्या गावातही एक पोथी होती आणि ती माझ्याहून थोरली मानली जाई. आमच्या तेव्हाच्या बाबांना, हुकमा सिंगांना, ते सोसवेना. एका दुपारी त्यांनी चाकूच्या टोकाने माझ्यावरचा साताचा आकडा खरवडला आणि तिथे सहा काढला. एका आकड्याने मी शंभर वर्षांनी थोरली झाले! पाचव्या गुरूंच्या हयातीत लिहिलेली पोथी म्हणून माझा डंका वाजू लागला.

तेव्हापासून मला मान मिळाला आणि माझे वाचन थांबले. माझ्यावर रेशमी रुमाले आले, चवरी ढाळली जाऊ लागली. वैशाखीला गाड्या भरभरून संगत, म्हणजे भाविक लोक, येत, लांबूनच माथा टेकत आणि लंगरात जेवून परत जात. माझे एकच पान उघडे असे. बाकीची पाने एकमेकांना चिकटून श्वास कोंडून बसलेली असत. मी मनात ओरडत असे, 'अरे, मला उलटा! आत बघा!' पण पोथीचे ओरडणे ऐकणार कोण?

सध्याचे बाबा जगजोध सिंग. त्यांच्या थोरल्या भावाची नात अमरजोत पतियाळ्याला जुन्या पोथ्यांचा अभ्यास करून आली. दारजींनी, म्हणजे बाबांनी, कौतुकाने मला तिच्या हाती दिले. "बघ पुत्तर, आणि जगाला सांग आमची पोथी किती जुनी ते."

ती रोज हात धुऊन, डोके झाकून माझ्यापुढे बसे. कितीतरी वर्षांनी माझे पान न्‌ पान वाचले जात होते. पण हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. अखेर एका सकाळी तिने दारजींना हाक मारली.

"दारजी, यात नवव्या पातशाहीचे, नवव्या गुरूंचे श्लोक आहेत. अक्षर तेच, शाई तीच, मागून जोडलेलं पान नाही."

"मग? गुरूंचीच बाणी आहे ना?"

"पण पोथी पाचव्या गुरूंच्या वेळची म्हणता. नवव्या गुरूंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांची बाणी आधीच कोण लिहून ठेवील? आणि हा आकडा बघा, खाली कागद खरवडलाय."

दारजींनी त्या आकड्यावर बोट फिरवले. मग त्यांचा आवाज चढला. "चार बुकं शिकलीस आणि घरच्या श्रद्धेवर कुऱ्हाड घालायला निघालीस?"

"बाणीवर माझीही श्रद्धा आहे, दारजी. खोटा आहे तो आकडा."

"संगत इथं काय बघायला येते, माहीत आहे ना तुला? मी तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवले की श्लोकांची पाने जीर्ण झाली म्हणून सोडवायची आणि जीर्ण पोथ्यांबरोबर अग्नीला द्यायची. सगळे रीतीप्रमाणे होणार होते, कुणाला शंकाही आली नसती. दारजींनी माझी शिवण चाचपली आणि सुरी टेकवली. मित्रांनो, ज्या पानांनी माझा खरा जन्म सांगितला, तीच माझ्यातून उपटली जाणार होती. मला ना हात, ना पाय, ना जीभ!

तेवढ्यात त्यांची बायको, बीजी, दारात येऊन उभी राहिली.

"सरदारजी, आपला लेक निहाल कालव्यात बुडून गेला तेव्हा हेच श्लोक ऐकून मी तगले. आता तुम्ही ते जाळणार?"

"श्लोक छापील ग्रंथात आहेत की! ही तर नुसती पानं."

"मग साल म्हणजे तरी काय? नुसता आकडा! त्यासाठी गुरूची बाणी कापणार?"

दारजींनी सुरी खाली ठेवली. पण खरे बोलण्याचे धैर्यही त्यांना झाले नाही. त्यांनी मला लोखंडी पेटीत घालून कुलूप ठोकले. "पोथी फार नाजूक झाली आहे," असे लोकांना सांगितले आणि अमरजोतचे घरी येणे बंद केले.

पेटीतला काळ कसा सांगू? पावसाळ्यात भिंतीची ओल पेटीत झिरपली. माझी शाई फुटू लागली, पाने लगद्यासारखी एक झाली. कसर लागली. बाहेर वैशाखीचा गजर ऐकू येई आणि आत मी कुजत होते. आगीतून वाचून मी ओलीत मरत होते.

मग बीजीने अंथरूण धरले. अंगण नातलगांनी आणि गावकऱ्यांनी भरले. ती क्षीण आवाजात म्हणाली, "सरदारजी, ते श्लोक ऐकवा. त्याच पोथीतून."

दारजींनी किल्ली आणली. मला बाहेर काढले तेव्हा माझी दशा त्यांना दिसली. ते सर्वांसमोर वाचू लागले. मध्येच अक्षरे पुसलेली होती, तिथे ते अडखळले. तेव्हा अंगणातल्या माणसांनी तोंडपाठ असलेल्या ओळी हळूच पुढे नेल्या. बीजीने डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

भोग, म्हणजे पाठाची समाप्ती, झाल्यावर गावातल्या बुजुर्ग भोला सिंगांनी विचारले, "बाबाजी, हे तर नवव्या पातशाहीचे श्लोक. मग पोथी पाचव्यांच्या वेळची कशी?"

"नाही ती," दारजी म्हणाले. "शंभर वर्षांनी धाकटी आहे. आमच्याच घरानं आकडा बदलला, आणि मी तो झाकला."

काही लोक तणतणत उठून गेले. पुढच्या वैशाखीला अंगण निम्मे रिकामे होते. पण अमरजोत परत आली. ती आता मऊ ब्रशने माझी चिकटलेली पाने सोडवते आहे. दारजी जवळ बसून असतात.

"सगळी सुटतील का गं?"

"नाही, दारजी. मधली तर दगड झाली आहेत. एक वर्ष आधी पेटी उघडली असती तर..." ती पुन्हा ब्रश उचलते.

मित्रांनो, त्या दगडात रज्जीने वाचलेले आणि दसौंध्याने लिहिलेले कितीतरी शब्द कायमचे बंद झाले आहेत. तुमच्या घरी, गावी माझी एखादी बहीण रेशमात गुंडाळलेली असेल. तिला नमस्कार अवश्य करा. पण तिला ओलीपासून जपा, उघडा आणि वाचा, आणि ती जे वय सांगेल ते ऐकून घ्या. मी धाकटी ठरले म्हणून माझ्यातली बाणी धाकटी झाली नाही. वाट मात्र पाहू नका. आम्ही कागदाच्या आहोत.