मागे राहिलेला हात

मित्रांनो, मी एक जुना बॅटन आहे. रिले शर्यतीत एकीच्या हातून दुसरीच्या हातात जातो ना, तोच नळीचा तुकडा. दोन्ही बाजूंनी उघडा आणि आतून पोकळ. पोकळ असल्यामुळे मला ऐकू फार येतं. हे वरदान आहे की खोड, ते गोष्ट संपल्यावर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म जळगावच्या एमआयडीसीतला. शेतात पाणी फवारायच्या ॲल्युमिनियमच्या पाइपाचा मी उरलेला तुकडा. माझे सख्खे भाऊ आज कुणाच्या तरी वावरात भुईमुगाला पाणी पाजत असतील. मला मात्र कॉलेजच्या पंडित सरांनी उचललं, कडा घासल्या, लाल रंग दिला आणि चार मुलींच्या स्वाधीन केलं. मेहरूण तलावाच्या काठाने मी त्यांच्या हातांतून इतका धावलो, की माझा रंग माझ्यापेक्षा त्यांच्या तळव्यांवर जास्त उरला.

चौघींपैकी दोघी तुम्ही लक्षात ठेवा. शेवटी पळायची ती चेलना, पिंप्राळ्याच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी. घरी सांगितलेलं असायचं की ती सकाळी फिरायला जाते. खरं काय ते फक्त तिच्या आजीला, सायरबाईंना ठाऊक होतं. नात घामाघूम होऊन आली की आजी सगळ्यांसमोर विचारायची, "फिरून आलीस का?" आणि मग हळूच, "किती सेकंदात?"

चेलनाच्या आधी पळायची ज्योत्स्ना. ती रावेरकडच्या चुडामणभाऊंची मुलगी, केळीच्या बागेत वाढलेली. कापणी असली की तीही घड वाहायची. खांद्यावर उशी, उशीवर घड, आणि ट्रकजवळच्या माणसाच्या हातात देईपर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की साल काळी पडते आणि व्यापारी तोंड फिरवतो. चुडामणभाऊंचा नियम ठरलेला. "पडला त पडला. त्याले हात नही लावाचा. मांगचा येऊन ऱ्हायला, तू पुढे व्हय." पडलेला घड सगळे ओलांडून जायचे आणि संध्याकाळी गुरं खायची. अशा बागेत शिकल्यामुळे ज्योत्स्नाच्या हातातून मी कधी पडलो नाही.

एकदा सोडून.

ती निवड चाचणी होती धुळ्याच्या मैदानावर. जिंकणारा संघ देशाची जर्सी घालून परदेशात आशियातल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला जाणार होता. ज्योत्स्नाच्या गावात फ्लेक्स आधीच लागला होता. त्यावर चौघी मुली एका परदेशी स्टेडियमसमोर उभ्या होत्या. स्टेडियम कोणत्या देशाचं, ते फ्लेक्सवाल्यालाही माहीत नव्हतं, तरी जाणारा-येणारा त्याकडे बघून कॉलर सरळ करायचा. खेळाचं हे मला कधी उमगलं नाही. पळतात चार पोरी आणि धाप लागते अख्ख्या तालुक्याला.

शर्यत तीन संघांची होती. ज्योत्स्ना इतकी पुढे होती की मागच्या दोघींची पावलं मला पुसटशीच ऐकू येत होती. पुढे चेलना, रिलेच्या रीतीप्रमाणे वळून न पाहता, हात मागे करून उभी. आणि घामाने मी सटकलो, गवतात पडलो.

नियम साधा आहे. ज्याच्या हातून बॅटन पडला त्यानेच तो उचलायचा आणि पुढे पळायचं. तेवढं केलं असतं तरी आमचा संघ पहिला आला असता. पंडित सर बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "उचल, पोरी, उचल." ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात खाली आला आणि मध्येच थांबला. मग तिने मला ओलांडलं आणि ती पुढे चालत गेली.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. पुढचे तीन पावसाळे त्या चौघी परदेशी स्टेडियमसकट एक ट्रॅक्टर झाकत होत्या. जिंकल्या असत्या तर गावाच्या झाल्या असत्या. हरल्यावर मी एकट्या ज्योत्स्नाचा झालो.

आणि मी तिथेच राहिलो. मैदानाची देखभाल करणारे भाईदास मला उचलायला आले. मी काहीही जोर लावला नाही, शपथेवर सांगतो. तरी त्यांनी ओढ ओढ ओढलं आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बठ्ठी ताकद लायी, पन हालस नई. भूत शे का काय यामा?" मग ट्रॅक्टरला दोर बांधला. दोर तुटला. तेव्हापासून माझ्याभोवतीचं गवत तेवढं कापायचं सोडून देण्यात आलं. कुत्री त्या जागेवरून जाताना उडी मारून जात.

भर दुपारी मैदान रिकामं झालं की पावलं ऐकू येत. शर्यतीतल्या मागच्या त्या दोघींची. गोल, गोल, न थांबता. भाईदासांच्या खोलीत पंचांचं एक घड्याळ विसरून राहिलं होतं. ते चालूच होतं. त्यांनी त्यातला सेल काढला, तरीही ते चालू होतं. भाईदासांनी तो सेल रेडिओत घातला आणि या विषयावर विचार करणं बंद केलं.

तिकडे पिंप्राळ्यात चेलनाचा उजवा हात मागेच राहिला होता. हे मला नंतर कळलं. तळवा उघडा, बोटं पसरलेली. दुकानात ती डाव्या हाताने साखर मोजायची. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, "हात उत्तम आहे. फक्त मागे आहे." बघायला आलेल्या मुलाची मावशी ती काय लपवतेय ते पाहायला तिच्या पाठीमागे जाऊन आली. एका गिऱ्हाइकाने त्या तळव्यावर सुटे पैसे ठेवले, पण बोटं मिटली नाहीत. चेलना कधी तक्रार करत नसे. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "थांबा. मागून कुणीतरी येतंय."

हे ऐकून ऐकून एक दिवस सायरबाईंनी गाडी काढायला लावली. नातीला मागच्या सीटवर आडवं बसवलं, कारण ती सरळ बसू शकत नव्हती, आणि त्या थेट रावेरकडच्या बागेत पोचल्या. वारा नव्हता. तरी केळीची पानं टाळ्या वाजवल्यासारखी वाजत होती.

"बेटा," सायरबाई ज्योत्स्नाला म्हणाल्या, "ही अजून उभीच आहे."

"आजी, मी टाकला नही. तो पडला."

"माहीत आहे. पण ही त्याची वाट बघत नाहीये, तुझी बघतेय."

ज्योत्स्नाने गाडीतल्या त्या उघड्या तळव्याकडे पाहिलं आणि मग बापाकडे. चुडामणभाऊ बराच वेळ खांद्यावरची उशी चाचपत राहिले. "घड पडला त दुसरा येते," ते अखेर म्हणाले. "मानसाचा हात दुसरा येते का? जाय तू."

त्याच दुपारी त्या धुळ्याला आल्या. चेलना तिच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. हाताला काही सांगावं लागलं नाही, तो तयारच होता. ज्योत्स्ना माझ्यापाशी आली. वाकली, थांबली, पुन्हा वाकली. तिच्या बोटांनी मला धरलं आणि मी केळीच्या सालीसारखा अलगद उचलला गेलो.

ती धावली. "घे," असं म्हणाली. चेलनाची बोटं माझ्याभोवती मिटली. तीन वर्षं उन्हात पडलेलो मी, पण तो तळवा माझ्यापेक्षा तापलेला होता.

चेलना पंजाबी ड्रेसमध्ये, अनवाणी धावत सुटली. शर्यतीतल्या मागच्या त्या दोघींची पावलं आमच्या बाजूला आली, पुढे गेली. रिकाम्या स्टँडमध्ये केळीची पानं वाजू लागली. धुळ्याच्या त्या मैदानावर केळीचं एकही झाड नाही. पावलांनी रेषा ओलांडली. मग आम्ही ओलांडली. पानं थांबली, आणि खोलीत घड्याळ थांबलं.

चेलनाने हात समोर आणला, नीट पाहिला आणि सगळ्यात आधी नाक खाजवलं.

"कितवा नंबर?" ज्योत्स्नाने विचारलं.

"तिसरा," भाईदास म्हणाले. "तीनच तं व्हतात."

सायरबाईंनी पदराने नातीचा घाम पुसला. "फिरून आलीस का?"

आता मी ज्योत्स्नाच्या घरी खुंटीवर असतो, घड वाहायच्या उशीशेजारी. रात्री तिथे शांत असतं. पण मी पोकळ आहे, मला फार लांबचं ऐकू येतं. मित्रांनो, कुठल्या कुठल्या मैदानांवर अजून किती पावलं गोल फिरताहेत, ते मी तुम्हाला सांगत नाही. एवढंच सांगतो, तुमच्या हातून काही पडलं असेल तर ते उचला. दुसऱ्या कुणाला ते उचलता येत नाही. आणि पुढे कुणीतरी हात मागे करून उभं आहे. ते वळून पाहणार नाही, हाकही मारणार नाही. नियमच तसा आहे.