सीटवरची गोल गादी

मी बस डेपोतली रबरी गादी बोलतेय. गोल, मधोमध भोक, तोंडाने फुंकून फुगवायची. ज्या ड्रायव्हरला मूळव्याध होते त्याच्या बुडाखाली मी जाते. तो निवृत्त झाला की पुढच्याकडे.

इथे मूळव्याध म्हणजे बढतीच समजतात. रक्त पडतंय असं कुणी कुजबुजलं की बाकीचे हसत मला आणून देतात. म्हणतात, आता तू खरा ड्रायव्हर झालास. मग तो मला ओठ लावून फुंकतो. आधीचा माझ्यावर काय टेकून बसायचा, हे त्याला आठवत नाही. माणसं मोठी गमतीची.

माझे मागचे मालक दादा. आधीच्यांचं रक्त लालभडक, चार दिवस पडून थांबायचं. दादांचं काळपट, चिकट, आणि थांबायचं नावच घेईना. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, तरी ते मूळव्याधच म्हणत राहिले.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं लोक हसत म्हणतात. दादांचा जावई खरोखरच डॉक्टर होता. एकदा तो डेपोत आला, सासऱ्यांकडे बघत राहिला आणि एवढे कसे उतरलात म्हणून विचारलं. दादा माझ्यावर बसूनच म्हणाले, उन्हाने.

कंडक्टरच्या आग्रहाने ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. बोट घालून तपासावं लागेल म्हटल्याबरोबर उठून आले. "पोराच्या वयाचा तो. त्याच्यापुढे मी विजार सोडू?" येताना मलम मात्र आणलं. त्या बोटाला गाठ लागली असती.

मी माझं काम चोख केलं. दुखू दिलं नाही. म्हणून ते बसत राहिले, गाठ वाढत राहिली. माझा मला संताप येतो.

एका दुपारी स्टॉपवर गाडी थांबवून दादा स्टिअरिंगवर वाकले. पोट टम्म फुगलं होतं, आतडं बंद झालं होतं. गाठ काढण्यापलीकडे गेलेली. सर्जनने आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. ज्या जावयापासून लपवलं, तोच ती पिशवी बदलायचा. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचे. तो एवढंच म्हणाला, "बाबा, नुसतं तपासू दिलं असतंत." थोड्याच महिन्यांत दादा गेले.

त्यांच्या बायकोने मला धुऊन डेपोत परत आणलं. पुढचा ड्रायव्हर वाटच बघत होता. त्यालाही बरेच महिने रक्त पडतंय. त्याने घाबरत विचारलं, "वहिनी, दादांना नक्की काय झालं होतं?"

बाईने इकडेतिकडे पाहिलं. चार पुरुष ऐकत उभे होते. नवऱ्याच्या त्या जागेचा कॅन्सर कसा सांगणार?

"मूळव्याधच," ती म्हणाली. "वाढली."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. मला सीटवर ठेवलं, निवांत टेकला आणि गाडी काढली.

वाचणाऱ्यांनो, त्या गाडीत चढलात तर एवढं करा. मला टाचणी टोचा. बसवेनासं झालं, तर निदान तो दाखवायला तरी जाईल.